एकसष्ट आणि त्रेचाळीस

समाजात मुली उरल्या नाहीत, असा ठराव अठ्ठ्याण्णव सालच्या मार्च महिन्यात पांडेसऱ्यात सर्वानुमते मंजूर झाला.

ठराव मंडळाचा होता. खान्देशातून सुरतेत येऊन मिलमध्ये आणि लूमवर पोटाला लागलेल्या समाजाचं हे मंडळ दर तीन वर्षांनी वधू-वर परिचय पुस्तिका काढायचं आणि तिच्या प्रकाशनाला मेळावा भरवायचं. यंदा यादी तयार झाली तेव्हा मुलगे भरले दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि मुली एकसष्ट. अध्यक्ष लोटूतात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

मग कारणं निघाली. मंडळाच्या सभेत अहिराणी बोलायला बंदी होती, कारण ती इतिवृत्तात लिहिता येत नाही असं तात्यांचं मत होतं. त्यामुळे सगळ्यांनी आपापली कारणं जड मराठीत मांडली. कुणी सुरतेच्या पाण्याला दोष दिला, कुणी टीव्हीला. मुली परस्पर गुजरात्यांत जात असाव्यात, असंही एक जण म्हणाला, पण नाव सांग म्हटल्यावर गप्प बसला. शेवटी पाच जणांचं शिष्टमंडळ शिरपूर, दोंडाईचा आणि शहादा भागात मुली शोधायला पाठवावं असं ठरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण काखेत काय आहे हे त्या दिवशी सभेत कुणालाच माहीत नव्हतं.

ठरावाला हात वर करणाऱ्यांत सुपडू आप्पा होते. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घालून ओवाळलेला हा माणूस. नाव तेच पडलं आणि तो टिकला. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात ते बावीस वर्षं होते. रंगून, वाळून आलेलं कापड तिथे घडी होतं, त्याचे ताके, म्हणजे तागे, मोजले जातात आणि मग माल बाहेर पडतो. आप्पांनी मोजलेला ताका दुसऱ्याने मोजायचा नाही, असा खात्यात रिवाज पडला होता. बावीस वर्षांत एक चूक नाही. माणूस तसा साधा, पण या एका गोष्टीचा त्यांना ताठा होता. म्हणून पुस्तिकेची प्रुफं तपासायचं काम मंडळाने त्यांच्याकडे दिलं होतं.

पुस्तिका यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर तयार होत होती, आणि ती करत होती आप्पांचीच धाकटी मुलगी, वैशाली. उधना रोडवरच्या मगनभाईच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती दोन वर्षं शिकली आणि आता तिथेच शिकवत होती. अर्ज बापांनी भरायचे, क्लासवर पोचवायचे, वैशालीने टाइप करायचे, अशी पद्धत ठरली. पण बाप बारा-बारा तासांच्या पाळीत अडकलेले. शहराच्या टोकाच्या कोसाडहून किंवा इच्छापोरहून एका अर्जासाठी खाडा कोण करणार? त्यांनी सरळ ज्या मुलीचा अर्ज, तिच्याच हातात दिला आणि सांगितलं, जा, देऊन ये. एवढी मोठी चूक अख्ख्या समाजाने मिळून केली आणि कुणाच्या लक्षात आली नाही.

एप्रिलातल्या एका गुरुवारी प्रुफं आप्पांकडे आली. रविवारी मेळावा, आणि शेवटची फ्लॉपी प्रेसला त्याच संध्याकाळी सहापर्यंत पोचवायची होती. वैशाली आणि तिची आई सुंदरा मामाच्या वास्तुशांतीला दोंडाईच्याला गेल्या होत्या, शुक्रवारी येणार होत्या. आप्पा पहिली पाळी करून आले, हातपाय धुतले आणि प्रुफं घेऊन बसले. तात्यांनी आदल्या दिवशी हीच प्रुफं पाहून त्यावर सही केली होती. अध्यक्षांचे दोन शब्द आणि अध्यक्षांचा फोटो पहिल्याच पानावर असल्यामुळे त्यांना पुढे जायची गरज पडली नव्हती.

आप्पांनी मुली मोजल्या. एकसष्ट. बरोबर. मग त्यांनी आपली मुलगी शोधली.

वैशाली नव्हती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. अर्ज त्यांनी स्वतः भरला होता. वय बावीस, उंची पाच फूट दोन इंच, रंग निमगोरा, अपेक्षा: सरकारी नोकरी किंवा बागायत. आणि मेळाव्याला नंदुरबारचं एक चांगलं स्थळ येणार होतं, मुलगा एसटीत, त्याच्या काकांनी आधीच विचारलं होतं की तुमच्या मुलीचा नंबर कितवा. आप्पांनी प्रुफं पिशवीत घातली आणि सायकल काढली.

मगनभाई क्लासमध्ये एकटाच होता. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा. मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जे उघडता येतं ते सगळं तो दुरुस्त करायचा, आणि जे उघडत नाही त्याला नमस्कार करायचा.

"आवो सुपडुभाई, बेसो," तो म्हणाला. "वैशालीबेन तो गाम गया छे."

"मला ठाऊक आहे. तिचा अर्ज राहिलाय. तो घाला, फ्लॉपी भरा, मी प्रेसला नेतो."

मगनभाईने पडद्यावर मुलींचं खातं उघडलं. एकेका अर्जाचं एकेक पिवळं पाकीट, खाली बारीक अक्षरं. फ्लॉपी भरण्यासाठी त्याने सगळी पाकिटं एकदम निवडली, आणि तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकोन टपकला. त्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. ताक्यांवरचे शिक्के वाचून आप्पांना इंग्रजी अक्षरं जेवढी यायची तेवढ्यात ते वाक्य बसेना, पण आकडा बसला. त्रेचाळीस.

"हे काय म्हणतंय?"

मगनभाईने वाचलं आणि मान हलवली. "कहे छे के आमां तेतालीस छुपावेली फाइल छे. छोडो. ए सिस्टम फाइल होय. कॉम्प्युटर पोताना घरनी वस्तु संताडी राखे, कोई भूलथी मिटावे नहि एटले. एने हाथ नहि लगाडवानो."

कॉम्प्युटर आपल्या घरच्या वस्तू लपवून ठेवतो, त्यांना हात लावायचा नाही, असं म्हणून त्याने सविस्तर सांगितलं. मागे एका विद्यार्थ्याने ह्या लपवलेल्या फायली शोधून काढल्या होत्या. ओळखीची नावं दिसेनात, म्हणून त्याने त्या कचरा समजून पुसून टाकल्या. कॉम्प्युटर बंद केला तो पुन्हा सुरूच झाला नाही. आठ दिवस मगनभाईने त्याच्यासमोर अगरबत्ती लावली आणि नवव्या दिवशी नवसारीहून माणूस बोलावला. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कॉम्प्युटरच्या घरच्या वस्तू आमच्या पोरींच्या खात्यात कशाला ठेवल्यात?"

मगनभाईने डोकं खाजवलं. सिस्टमच्या फायली सिस्टमच्या खात्यात असतात, हे त्याला माहीत होतं. समाजाच्या खात्यात त्यांचं काही काम नव्हतं. त्याने वरच्या पट्टीवर 'व्ह्यू' दाबलं, त्यातून 'ऑप्शन्स' उघडलं. दोन गोल टिंबं दिसली. खालच्या टिंबाचा अर्थ, लपलेल्या फायली लपलेल्याच राहू द्या. वरच्याचा अर्थ, सगळ्या दाखवा. मगनभाईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि वरचं टिंब दाबलं.

पडद्यावर जागा राहिली नाही. पाकिटांखाली पाकिटं आली, खाली सरकवलं तरी येतच राहिली. आप्पांनी बोटाने काचेवर मोजली. एकसष्ट आणि त्रेचाळीस, एकशे चार. समाजात मुली होत्या. भरपूर होत्या.

"उघडा एक," आप्पा म्हणाले.

पहिला निघाला कोसाडच्या सुवर्णाचा. नाव, वय, उंची, सगळं व्यवस्थित, फोटोची जागा सोडलेली. पण तळाशी, छापील अर्जात नसलेली एक जास्तीची ओळ वैशालीने टाइप केलेली होती. 'थांबवा: नर्सिंगचं दुसरं वर्ष संपेपर्यंत. स्वतः म्हणाली.'

दुसरा उघडला. 'थांबवा: हिचं एका मुलावर मन आहे. तो समाजातलाच आहे, त्याचाही अर्ज आलाय. दोघांना आधी घरी बोलू द्या.'

तिसरा इच्छापोरचा. 'वय एकोणीस लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर पंधरा आहे.' ह्याच्यात थांबवा असंसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

चौथ्यात लिहिलं होतं, 'काही बोलली नाही. अर्ज दिला आणि जाईना. रडली. चहा पाजून पाठवली.'

मगनभाई उघडत गेला आणि आप्पा वाचत गेले. मगनभाईला मराठी जेमतेम वाचता यायचं, पण पाचव्या-सहाव्या अर्जानंतर तोही खालची ओळ वाचून झाल्यावरच पुढचा अर्ज उघडायला लागला. अकरावा अर्ज पार्वतीचा होता, खुद्द लोटूतात्यांच्या नातीचा. 'आजोबांनी भरलाय. पार्वती म्हणते, आजोबांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही, म्हणून तू लपव.' मुली कुठे गेल्या म्हणून सभेत टेबलावर मूठ आपटणाऱ्या माणसाच्या घरातली मुलगी अकराव्या नंबरावर दडून बसली होती. आप्पांना हसू यायला हवं होतं, आलं नाही.

शेवटून दुसरं पाकीट वैशालीचं. आप्पांनी स्वतः भरलेला मजकूर शब्दन् शब्द जसाच्या तसा होता, बागायतसुद्धा. आणि खाली एक ओळ.

'चंचलताईला विचारा.'

आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली. मग उठले. "मगनभाई, हे असंच राहू द्या. मी आलो."

चंचल त्यांची थोरली. मागच्या पुस्तिकेत तिचा नंबर सतरावा होता. त्या वेळी तिने म्हटलं होतं, आप्पा, एक वरीस थांबा, मन्ही परीक्षा व्हऊ द्या. मुली असं म्हणतातच, असं आप्पांना वाटलं आणि त्यांनी अर्ज टाकला. शहाद्याकडचं स्थळ आलं, जमीन होती, माणसं बोलायला बरी होती. लग्न झालं. त्यानंतर दोन आखाज्या आल्या आणि गेल्या. आखाजीला खान्देशात सासरची मुलगी माहेरी येते, भावाने किंवा भाऊबंदांतल्या कुणी मुराळी होऊन तिला आणायला जायचं असतं, झोके बांधलेले असतात. दोन्ही वर्षी आप्पांनी फोन केला, दोन्ही वर्षी चंचल म्हणाली, यंदा जमाव नही, आठे काम शे, बठ्ठं बरं शे. आप्पांनी मान्य केलं. इथे काम आहे आणि बठ्ठं, म्हणजे सगळं, बरं आहे म्हणाल्यावर आणखी काय विचारायचं? त्यांना तिला विचारायची भीतीच वाटत होती, हे त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

क्लासच्या खालीच एसटीडीचं बूथ होतं. चंचलच्या सासरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. बोलावतो म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा लावला.

"कशी शे चंचल?"

"बठ्ठं बरं शे, आप्पा."

"वैशालीना अर्ज पुस्तकमा टाकाना शे. टाकू का?"

पलीकडे दुकानात कुणीतरी डाळ मागत होतं. मग चंचल म्हणाली, "तिनी काय सांगं?"

"ती म्हने, चंचलताईले इचारा."

पुन्हा डाळीचा आवाज.

"आप्पा," चंचल हळू आवाजात म्हणाली, "मन्हा अर्ज टाका, तवय माले इचारं व्हतं का?"

सुपडू आप्पा खोटं बोलू शकले असते. "नही," ते म्हणाले.

"मंग?" एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

आप्पा बूथमध्ये उभेच राहिले. बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केली तेव्हा निघाले. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. वैशालीने आपल्यापासून लपवलं ह्याचा राग यायचा तर तो येईना, कारण एक मुलगी बापाला उघड सांगून बसली होती आणि त्याचं काय झालं ते दुसरीने पाहिलं होतं.

वर मगनभाई वाट पाहत होता. "हवे शुं करवानुं? बधी नाखी दउं?" सगळ्या पुस्तिकेत टाकू का, असं तो विचारत होता.

"हे परत पहिल्यासारखं होतं का?"

"थाय ने. एक क्लिक."

"मला शिकवा."

मगनभाईने खुर्ची दिली. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरला. तो त्यांच्या हातात नीट बसेना, बाण पडद्यावरून दोनदा पळून गेला. मगनभाईने मनगट धरून दाखवलं. व्ह्यू. ऑप्शन्स. खालचं टिंब. आप्पांनी दाबलं, आणि त्रेचाळीस मुली पडद्यावरून गेल्या. त्यांत आप्पांची स्वतःचीही गेली, आणि नंदुरबारचं स्थळही.

मगनभाईने सगळी पाकिटं निवडली, पुन्हा तोच चुगलखोर चौकोन आला, आणि या वेळी आप्पांनीच ओके दाबलं. एकसष्ट पाकिटं फ्लॉपीवर चढली. "सिस्टम फाइल आहेत," आप्पा म्हणाले. "कुणी विचारलं तर एवढंच सांगा. हात लावायचा नाही."

"हूं क्यां कोईने कहुं छुं," मगनभाई म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी दोघी दोंडाईच्याहून आल्या. शनिवारी पुस्तिका छापून आल्या आणि गठ्ठे आप्पांच्याच घरात ठेवले. सुंदराने पहिली प्रत उघडली, आपली पोर शोधली, आणि मग तिने आप्पांना जे ऐकवलं ते अर्ध्या चाळीने ऐकलं. बावीस वरीस लोकांचे ताके मोजले आणि पोटची पोर मोजता आली नाही का, असा त्याचा सारांश होता. आप्पा भाकरी खात राहिले.

वैशालीने पुस्तिका शेवटापर्यंत चाळली. मग पुन्हा पहिल्यापासून. आई पाणी भरायला बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "आप्पा, मन्हा अर्ज..."

"चंचलले इचारं मी," आप्पा म्हणाले.

वैशालीने भाकरीचं टोपलं पुढे ओढलं. तिने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, ते नको म्हणत असताना. मग चुलीकडे, म्हणजे स्टोव्हकडे तोंड करून बसली.

रविवारचा मेळावा छान झाला, असं इतिवृत्तात नोंदलेलं आहे. प्रत्यक्षात प्रकाशनानंतर पाव तासाने पहिला बाप पुस्तिका हातात घेऊन मंचाकडे आला. मग दुसरा. इच्छापोरचा तर अंगावरच धावून आला. तात्यांनी सगळ्यांना शांत केलं, शिस्त पाळा म्हणाले, चूक काय झाली ते पाहू म्हणाले, आणि सहज म्हणून आपल्या नातीचं पान उघडायला गेले. ते पान नव्हतं. तेव्हा तात्या अहिराणीत ओरडले. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

"कोणी काढी टाकं मन्ही नातनं नाव? प्रूफ कोणी पाह्यं?"

मंचाच्या पायरीशी नावनोंदणीच्या टेबलावर वैशाली बसली होती. ती उभी राहिली. तिने तोंड उघडलं. पण ती बोलण्याआधीच आप्पा मंचावर चढले.

"मी पाह्यं," ते म्हणाले. "मन्ही मोजणी चुकनी."

सुपडू आप्पांची मोजणी चुकली, हे वाक्य पांडेसऱ्यात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. इच्छापोरचा बापसुद्धा क्षणभर थांबला.

"कितली?" तात्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"एकदम त्रेचाळीस?"

"वय झायं, तात्या," आप्पा म्हणाले. मग इच्छापोरच्या बापाकडे वळून तेवढ्याच शांतपणे त्यांनी त्याला बाजूला बोलावलं आणि शाळेचा दाखला बरोबर आणलाय का, असं विचारलं. त्याने आणला नव्हता. त्याने पुढे काही विचारलंही नाही.

मंडळाची तातडीची सभा तिथेच भरली. मोजणीचं आणि तपासणीचं कोणतंही काम यापुढे सुपडू आप्पांना देऊ नये, असा ठराव आला. सर्वानुमते मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत आप्पाही होते. सोमवारी बातमी मिलमध्ये पोचली होती. फोल्डिंग खात्यात आप्पांनी मोजलेले ताके दुसरा माणूस पुन्हा मोजायला लागला. बावीस वर्षांनी. आप्पा बाजूला उभे राहून बघत होते. आकडा रोज बरोबर निघायचा, तरी तो रोज मोजायचा. ह्याचं त्यांना दुःख झालं नाही असं नाही. झालं. रात्री ते कमी जेवायचे.

गुरुवारी मगनभाईने निरोप पाठवला, तमारी दीकरीनो फोन आवशे, पाच वागे. आप्पा साडेचारलाच जाऊन बसले. वैशाली पोरांना शिकवत होती, तिने नुसतं वर पाहिलं. पाचाला क्लासमधला फोन वाजला. चंचलने लग्नानंतर स्वतःहून फोन केल्याची ही पहिली वेळ होती.

"आप्पा, वैशालीना अर्ज टाका का?"

"नही टाका," आप्पा म्हणाले, म्हणजे नाही टाकला.

मग चंचल म्हणाली, "मंग आते आयका."

आणि ती बोलायला लागली. काय बोलली ते इथे सांगायची गरज नाही. आप्पांना ते निम्मं आधीच माहीत होतं आणि निम्मं माहीत करून घ्यायचं नव्हतं. पण ते ऐकत राहिले. फोनच्या शेजारी भिंतीवर घड्याळ होतं आणि ती किती मिनिटं बोलली ते त्यांनी मोजलं नाही. क्लास सुटला, पोरं चपला घालून गेली, मगनभाईने पंखे बंद केले आणि मग पुन्हा आप्पांच्या डोक्यावरचा तेवढा लावला.

शेवटी चंचल म्हणाली, "यंदा आखाजीले मुराळी धाडू नका, आप्पा. तुम्ही सोता या माले लेवाले."

"येस," सुपडू आप्पा म्हणाले. अहिराणीत त्याचा अर्थ, येतो. ते फोन ठेवून उठले आणि वैशालीला म्हणाले की आखाजी कितव्या तारखेला आहे ते बघ, आणि मिलला रजेचा अर्ज टाइप कर. ती अर्जात एकच दिवस लिहायला लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून थांबवला.

"परत कधी येणार, ते लिहू नको," ते म्हणाले. "ते चंचलले इचारसूत."